तबकडीतली झांज

कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनियर असलेल्या माझ्या मित्राकडे सीडी प्लेअर आला, तेव्हा नागपुरात आमच्या ओळखीच्या दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मित्राचा मेहुणा मस्कतला नोकरीला होता. त्याने प्लेअरसोबत काही सीडी आणल्या, सगळ्या जुन्या अमेरिकन जॅझच्या. अर्धशतकापूर्वी मेणावर कोरलेलं आणि लाखेच्या तबकड्यांवर छापलेलं संगीत संगणकातून गाळून, त्यातली खरखर आणि सूं-सूं काढून टाकून नव्याने बाजारात आणलेलं. ही सफाई कशी केली त्याची माहिती वेष्टणाच्या मागे बारीक अक्षरात होती. आम्ही दोघांनी ती आधी वाचली, मग सीडी लावली.

जॅझचा नाद आम्हाला साठच्या दशकात कॉलेजात लागला. वसतिगृहातल्या रेडिओवर शॉर्टवेव्हला तो सापडायचा, कधी जवळ येत, कधी बुडत. त्याच सुमारास अजनीच्या रेल्वे वसाहतीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकामागून एक ऑस्ट्रेलियाला निघाली होती. जाताना ती पलंग, कपाटं, शिलाई मशीन आणि तबकड्या विकत. पलंगांना लगेच गिऱ्हाईक मिळे. तबकड्या आम्ही उचलल्या. त्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, मलमलीने टिपायच्या, कायम उभ्या ठेवायच्या आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवायच्या नाहीत, हे आम्ही नुकसान करून शिकलो. पुढे मुंबईहून एलपी येऊ लागल्या. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामातला मुनीम मित्राच्या ओळखीचा होता. तो त्या कापडाच्या गाठींमध्ये घालून मागवी, म्हणून त्या न तुटता येत.

दोघांत कामाची वाटणी आपोआप झाली होती. यंत्र त्याचं, कान माझे. पिन कुठली, बेल्ट कुठला, तार कुठे जोडायची हे तो ठरवी. काय ऐकू येतं, हे मी सांगे. मी सांगितलं की तो वाद घालत नसे.

पहिल्या सीडींपैकी एकीवर आमच्याकडे एलपीवर असलेलंच एक ध्वनिमुद्रण होतं. पाच वादकांचा ताफा. अर्ध्यावर ट्रंपेटवाला भोंग्याच्या तोंडाशी बूच धरून हळू वाजवू लागतो, बाकीचे थांबतात, आणि मागे ड्रमवाला स्टँडवरच्या मोठ्या पितळी झांजेवर तारांचा कुंचला फिरवत राहतो. ही झांज मी वर्षानुवर्षं ऐकली होती. सीडीवर ती नव्हती.

"झांज खाल्ली गा यायनं," मी म्हणालो.

मित्राने तो तुकडा पुन्हा लावला. मान वाकडी करून ऐकला.

"मले त वाटून राहिलं हाय थोडीशी," तो म्हणाला. "पण तू म्हणतो त नसनच."

त्यावर आमचा निकाल ठरला. सूं-सूं काढता काढता तिकडच्या लोकांनी झांजेचा आवाजही भादरून टाकला होता. त्या सीडीचं नाव आम्ही 'टकली' ठेवलं. तरी सीडी मागवणं थांबलं नाही, कारण ट्रंपेट इतका जवळून आम्ही आधी कधी ऐकला नव्हता. वादक पुढच्या सुरासाठी श्वास घेतो तोसुद्धा कळत होता. मेहुण्याच्या प्रत्येक सुट्टीत नव्या सीडी येत. माझ्या सीडी मित्राच्या कपाटातच राहत, कारण माझ्याकडे प्लेअर नव्हता. तो मला त्यांच्या कॅसेट भरून देई. त्या घरी ऐकून मी पुढच्या भेटीत निकाल सांगत असे. बहुतेक टकल्या होत्या. काही अर्ध्या टकल्या.

आमच्याकडे एक रीत होती. तिला आम्ही भिंतीची परीक्षा म्हणत असू. एकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे एकच संगीत दोन वेगवेगळ्या प्रतींवरून वाजवायचं. बसणाऱ्याने कुठली प्रत ते ओळखायचं. परदेशी छपाई आणि देशी छपाई यांचा वाद आम्ही असाच मिटवत असू. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी कोराडीला गेलो, तेव्हा मित्राने एलपी आणि टकली यांची अशी परीक्षा घ्यायचं ठरवलं. आवाज स्वच्छ यावा म्हणून कूलर बंद केला. खिडक्या आधीच बंद होत्या, वीज केंद्राच्या राखेमुळे.

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कूलर बंद करता अन् मंग घामानं निथळता. भूत लागलं का जी तुमाले?"

"पाच मिन्टं," मित्र म्हणाला.

"तुमचे पाच मिन्टं मले मालूम हाय. वरात बी पाच मिन्टात येऊन राहिली म्हणत होते तुमचे बाबूजी. मांडवातले लोक जेवून घरी गेले तवा आली."

ती आत गेली. मी भिंतीकडे तोंड केलं. संगीत सुरू झालं. मागे अगदी शांतता होती, त्यावर ट्रंपेट.

"सीडी," मी म्हणालो.

त्याने थांबवलं, काही हलवलं, पुन्हा लावलं.

"ही पण सीडी. फसवून राहिला काय?"

मित्र हसला. "मजाक करून राहिला का बे?"

"काहून?"

"दोन्ही खेपेले एलपी होती. एवढी सूं-सूं करून राहिली ते."

मी म्हणालो की एलपी नुकतीच धुतली आहे, पिनही नवी आहे, त्यामुळे फरक राहिला नसेल. हे बोलताना मी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. इतक्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"ते टकली टकली करता ते हेच गाणं हाय का?"

"हो," मित्र म्हणाला.

"आता ते मशीनवालं लावा बरं."

त्याने सीडी लावली. अर्ध्यावर बाकीची वाद्यं थांबली, ट्रंपेट हळू झाला. मी ऐकत होतो. ट्रंपेटखेरीज काही नव्हतं.

"हे काय, मागं चुरचुर वाजून राहिलं की," ती आतून म्हणाली. "डाळीले फोडणी देल्यावानी. मले इथं सैपाकघरात ऐकू येते भाऊजी, अन् तुम्ही डब्ब्यासमोर बसून नाही म्हणता?"

मित्र मोठ्याने हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठला आणि कूलर चालू केला. परीक्षा संपली असं कोणी म्हटलं नाही. चहा आला. सीडींचा विषय त्या दुपारी पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळच्या बसने मी शहरात परतलो. बातमीत चूक निघाली की ती कुठे झाली हे शोधण्याची आमच्या वर्तमानपत्राच्या कामात एक पद्धत असते: मूळ माणूस, निरोप आणणारा, लिहून घेणारा, जुळणी करणारा, एकेकाला तपासत यायचं. मी तेच केलं. झांज चार ठिकाणी हरवू शकत होती. मूळ मेणात, तिकडच्या सफाईत, मित्राने भरलेल्या कॅसेटमध्ये, किंवा माझ्याजवळ. मूळ मेणात ती होती. सफाईत ती उरली होती, कारण स्वयंपाकघरात ऐकू आली. त्या दुपारी थेट सीडी वाजली होती, कॅसेटचा संबंध नव्हता. बस कोळशाच्या ट्रकांच्या मागून चालली होती. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला, त्याने काहीतरी विचारलं असावं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उतरायचं ठिकाण म्हणून 'सदर' म्हणालो.

वडील गिरणीत मागावर होते. त्या खात्यात शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागे. पन्नाशीच्या आत त्यांचे कान गेले. घरात कोणी त्यांचा अपमान केला नाही. त्यांना वेळेवर ताट मिळे, औषध मिळे. फक्त त्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि गोष्ट लहान असली की ओरडायचा कंटाळा येई. मग मोठ्या गोष्टींचाही कंटाळा येऊ लागला. माझ्या बहिणीची सोयरीक त्यांच्यासमोर बसून ठरली. पाहुण्यांच्या हसण्याबरोबर तेही हसत होते. शेवटी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाचा?" मला बहिरेपणाची भीती वाटत होती ती त्या पेढ्याची होती.

आमच्या दैनिकात संपादकीय विभाग वरच्या मजल्यावर होता आणि छपाईयंत्र खाली. ते सुरू झालं की टेबलावरचा चहा कपात थरथरे. मी त्या खोलीत वीस वर्षांच्या वर बसलो होतो. तालुक्यांचे वार्ताहर ट्रंककॉलवरून बातम्या सांगत आणि त्या उतरवून घेण्याचं काम बहुतेक माझ्याकडे असे. सोमवारी कामावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी रिसीव्हर उजव्या कानाला लावतो, खांद्याने दाबून धरतो आणि तशाच वाकड्या मानेने लिहितो. बाकी सगळे तो डाव्या कानाला लावत. मीही पूर्वी तसंच करत असे. तो कधी उजवीकडे गेला ते मला आठवेना.

त्या आठवड्यापासून मी प्रत्येक बातमी वार्ताहरांकडून पुन्हा वदवून घेऊ लागलो. नाव, गाव, आकडा. अपघाताची बातमी असली तर मृतांचा आकडा तीन वेळा. काटोलचा वार्ताहर एकदा वैतागला. "साहेब, काहून एवढं वदवून घेता? माझ्यावर भरोसा नाही राहिला का?" मुख्य उपसंपादकांनी मात्र बैठकीत इतरांना सांगितलं की खातरजमा कशी करावी हे यांच्याकडून शिका. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरचा कागद वाचत राहिलो.

कोणाला काही सांगितलं नाही. सीडी मागवणं मात्र वाढवलं, मेहुण्याच्या सुट्टीची वाट न पाहता मस्कतहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर. आता त्या ऐकण्यासाठी नव्हत्या, तपासण्यासाठी होत्या. मला पाठ असलेली ध्वनिमुद्रणं निवडून मी त्यांच्या सफाई केलेल्या प्रती मागवल्या. कुठल्या जागी झांज येते ते माहीत होतं. तिथे कान लावून बसलो की ती येई. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग कळलं की आवाज अगदी कमी केला, तरी ती तेवढीच येते. टेपरेकॉर्डर बंद करून बसलो, तरी येते. ती आठवण वाजत होती. आठवणीतली झांज आणि कानात पडणारी झांज मला वेगळी करता येईना.

म्हणून मी कधीच न ऐकलेली ध्वनिमुद्रणं मागवली. मित्राने ती कशाला हवीत हे विचारलं नाही. मुकाट्याने कॅसेट भरून दिल्या. त्या मी दारं लावून ऐकल्या. पियानो होता, ट्रंपेट होता, क्लॅरिनेटचे खालचे सूर होते, ड्रमचे ठोके होते. त्यातल्या एकाही ड्रमवाल्याकडे पितळ नव्हतं.

घरात अजून कोणाला काही जाणवत नाही असा माझा समज होता. त्याला उन्हाळ्याचा आधार होता. कूलर चालू असतो तोवर नागपुरात घरोघरी सगळेच ओरडून बोलतात, सगळेच "काय?" विचारतात. जुलैत कूलर बंद झाला आणि घरातले आवाज खाली आले. मुलगी बोलताना तिचे ओठ हलताना दिसत आणि वाक्याचा शेवट मला लावून घ्यावा लागे. लावलेला शेवट बरोबर होता की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. जेवताना मी कमी बोलू लागलो. खोलीत दोघं हळू बोलत असले, तर आपल्याविषयीच असेल असं वाटू लागलं. हे वडिलांनाही वाटत असेल, हे मला पहिल्यांदा कळलं.

शेवटी एका सकाळी मी बायकोला म्हणालो की धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मळ काढून घ्यायचा आहे.

"मी बी येते," ती म्हणाली. मळ काढायला सोबत कशाला, असं मी म्हणालो नाही.

डॉक्टरांनी कानात पाहिलं. मळ नव्हता. त्यांनी तपासणीसाठी शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक लाकडी कोठडी होती, आतून फोम लावलेली, उभ्या कपाटाएवढी. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. काचेच्या पलीकडे एक तरुण बाई यंत्रापुढे बसली होती. तिने समजावलं की बारीक शिटीसारखा आवाज येईल, अगदी पुसट आला तरी बटण दाबायचं.

दार बंद झालं. सुरुवातीचे आवाज जाडे होते आणि स्पष्ट. मी बटण दाबत गेलो. मग ते बारीक होत गेले, उंच होत गेले, आणि एका जागी संपले.

त्या बाईच्या हाताला एक लय होती. आवाज, विराम, आवाज, विराम. आवाज येत होते तोपर्यंत मी नकळत ती मोजत होतो. चाळिशी उलटलेला, जॅझ ऐकत आलेला माणूस दुसरं काय करणार. ताफ्यात सगळे थांबले, तरी ठेका आत चालू ठेवायचा असतो, म्हणजे पुन्हा सुरू होताना चुकत नाही. आवाज थांबला आणि माझं बोट ठेक्यावर बटण दाबत राहिलं. फसवायचं म्हणून मी ठरवलं नव्हतं. पण थांबवलंही नाही. काचेपलीकडे ती काहीतरी लिहीत होती आणि तिच्या लिहिण्याकडे पाहून मला धीर येत होता.

तिने दार उघडलं.

"सर, मी मशीन बंद केलं होतं."

मी बोट बटणावरून काढलं.

"तरी तुम्ही दाबत होता. बरोबर टायमावर." ती रागावली नव्हती. "असे लोक येतात, सर. पण हा काही पेपर नाही. यात पास-नापास नाही. आता मी कधीपण वाजवीन, मोजू नका."

दुसऱ्या वेळी मी डोळे मिटले. मोजायला काही नव्हतं. मधल्या वेळात स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि हेडफोनमध्ये आवाज येतो आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. कदाचित एकामागून एक येत असतील. बटणावरचं बोट घामाने घसरत होतं. बटण मी दाबलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दार उघडलं तेव्हा मी दचकलो. त्याआधी टकटक केली होती, असं ती म्हणाली.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डावीकडे, जाड्या आवाजांपाशी, रेघ सरळ होती, मध्यापासून उताराला लागली होती आणि उजव्या टोकाला, बारीक आवाजांपाशी, खाली बुडाली होती. दोन्ही कानांच्या रेघा तशाच, डाव्या कानाची जास्त खोल. त्यांनी कामाविषयी विचारलं. छपाईयंत्राचं सांगितल्यावर मान हलवली.

"गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं. टेबल दुसरीकडे हलवता येईल का?"

मी विचारलं, ट्रंपेट ऐकू येत राहील का. त्यांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला.

"येईल. माणसाचं बोलणंही येईल. खोली शांत असेल, समोरून कोणी बोलत असेल तर."

"किती वर्षं?"

"ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा तपासू."

बाहेर बायको बाकावर बसली होती. आम्ही सायकलरिक्षा केली. ती चढताना थांबली, मला आधी बसू दिलं आणि मागून फिरून उजव्या बाजूने चढली. रिक्षा रस्त्याला लागल्यावर मी तिला सांगितलं. बातमी सांगतात तसं सांगितलं, मुख्य गोष्ट आधी, तपशील नंतर: दोन्ही कान, डावा जास्त, परत येणार नाही, टेबल बदलायला अर्ज करावा लागेल.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पोरगी दहावीत होती तवापासून. डाव्या अंगानं बोललं का तुम्ही नुसतं हो म्हणता. म्हणून मी इकडूनच बसते."

मुलगी आता कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही तुमचा तो कचकच बाजा ऐकत बसता, खुश राहता. म्हटलं, कायले."

समोरून बस आली, रिक्षावाल्याने घंटी वाजवली असावी, त्याचा अंगठा हलला. मी तिला विचारलं, डाव्या बाजूने तू काय काय बोललीस, ज्याला मी हो म्हणालो?

ती रस्त्याकडे पाहत राहिली. आठवत होती, किंवा ठरवत होती.

"काही विशेष नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं. तिने तेच उत्तर दिलं, या खेपेला थोडं मोठ्याने.